तीन जण रडले की पुरे

काकांना निरोप द्यायचा कार्यक्रम रंगात आला होता. दिवाणखान्याच्या मधोमध खुर्ची, खुर्चीवर काका, काकांच्या डोक्यावर सोनेरी कागदाची टोपी आणि समोर सतरंजीवर मुलं. लहान पुढे, मोठी मागे. बाजूच्या टेबलावर केक होता आणि त्याच्यावर जाळी झाकली होती, कारण या घरात माश्यांना रांग पाळायची सवय नव्हती.

हे घर म्हणजे निराधार मुलांचं बालगृह. काका तिथे दोन आठवडे मुलांना शिकवायला आले होते आणि आता पुढच्या देशाला निघाले होते. बस कोपऱ्यावर उभी होती.

काकांनी एका सरकारी कचेरीत जन्म काढला होता. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने त्यांना चहा, बिस्किटं आणि एक भाषण दिलं. भाषण आदल्या महिन्यात निवृत्त झालेल्या माणसासाठी लिहिलेलं होतं. त्यातलं नाव तेवढं बदललं होतं. त्यामुळे काकांच्या गोड गळ्याचं आणि त्यांनी बसवलेल्या नाटकांचं भरभरून कौतुक झालं. काका जन्मात कधी गायले नव्हते आणि नाटकाला जायचे ते झोप चांगली लागते म्हणून. कोणी हसलं नाही, यावरून कोणी ऐकतच नव्हतं हे काकांना कळलं. रडण्याचा तर प्रश्नच नव्हता. काका घरी आले ते एकच इच्छा मनात धरून. आपण निघालो म्हणून कुठेतरी, कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी यावं.

ही इच्छा काही चारचौघांत बोलून दाखवण्यासारखी नव्हती. म्हणून काकांनी जाहीर केलं की आता वर्षभर जग हिंडायचं, जाऊ तिथे गोरगरिबांच्या पोरांना शिकवायचं आणि त्या बदल्यात खाट आणि दोन वेळचं जेवण घ्यायचं.

"तू येतेस का?" त्यांनी काकूंना विचारलं होतं.

"तुम्ही जा," काकू म्हणाल्या. "मी इथे राहून तुमच्या नसण्याचा फायदा घेते."

आणि आता ती वेळ आली होती. बालगृहाच्या संचालिका, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, म्हणाल्या, "तुमच्यासारखं माणूस या घराला पुन्हा मिळायचं नाही." त्याबरोबर पुढच्या रांगेतली एक मुलगी ओंजळीत तोंड लपवून हुंदके देऊ लागली. तिच्यामागच्या लांबोड्या मुलाने आवाज न करता डोळ्यांतून पाणी काढलं आणि न पुसता गालावरून खाली जाऊ दिलं. तिसरा एक चिमुरडा उठला आणि त्याने काकांच्या पायाला मिठी मारली.

काकांची इच्छा पुरी झाली. एवढ्यावर ते उठले असते, बसकडे गेले असते. पण तेवढ्यात मागच्या रांगेत बसलेल्या ढब्याने भोकाड पसरलं. ढब्या हा गोल, लालबुंद, सात-आठ वर्षांचा मुलगा. तो असा काही रडत होता की पायाला मिठी मारलेला चिमुरडा मिठी सैल करून कौतुकाने त्याच्याकडे बघायला लागला. नाक, डोळे, तोंड, सगळ्या वाटा मोकळ्या सुटल्या होत्या.

काकांनी डोक्यावरची टोपी काढली.

"मी जात नाही," ते म्हणाले.

आधी हुंदके थांबले. मग लांबोड्याने बाहीने गाल पुसले. पायाची मिठी सुटली. मॅडमच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागून मॅडम निघून गेल्यासारख्या वाटल्या. ढब्या मात्र रडतच होता.

"राहा ना," मॅडम म्हणाल्या. "आम्ही पत्रकात लिहिलंच आहे, मन सांगेल तितके दिवस राहा म्हणून." एवढ्या दिवसांत कोणाच्या मनाने असं काही सांगितलं नव्हतं.

निरोपच झाला नाही, तर निरोपाचा केक कापायचा कसा? मॅडमनी तो जाळीसकट उचलला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. तेवढ्या वेळात मुलांच्या तोंडावर जी कळा पसरली ती बघून काकांना वाटलं, पोरांना आनंद झेपत नाहीये.

मग मॅडम फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं. "डॉक्टरीणबाई, जरा पुढच्या तारखेला याल का हो? नाही, पाहुण्यांची खाट रिकामी झाली नाही. हो, एकच आहे." काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आपल्यासाठी डॉक्टरांना थांबवलं जातंय, असा मान त्यांना कचेरीत कधी मिळाला नव्हता.

त्यांनी काकूंना फोन केला.

"अगं, मी राहिलो. पोरं सोडेचनात."

"कशाला सोडेनात?"

"प्रेमाने. चार-चार जण रडत होते."

"तुम्ही त्यांना काय शिकवत होतात?" काकूंनी विचारलं.

काकांची शिदोरी मुळात दोन आठवड्यांची होती. तीन गाणी, सुसरीची एक गोष्ट, भिंतीवर सावलीचा ससा आणि कानातून नाणं काढायची जादू. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. सुसरीच्या गोष्टीचा शेवट पुढच्या रांगेतून आला. कानातून नाणं निघाल्यावर एक मुलगी म्हणाली, "डाव्या बाहीत अजून एक आहे." मग काकांनी रंगांची नावं काढली. पण लाल, पिवळा, निळा हे रंग त्या मुलांना देशोदेशीच्या इतक्या पाहुण्यांनी शिकवले होते की त्यांना आता रंगांचाच कंटाळा आला होता. आकाशाचा रंग कोणता, असं विचारल्यावर ढब्या गाल धरून म्हणाला, "जो असेल तो."

हळूहळू मुलांची वागणूकही उतरली. पहिल्या दोन आठवड्यांत काका बसायला गेले की खुर्ची पुढे यायची. आता खुर्चीवर आधीच कोणीतरी असायचं. "काका, तुम्ही दमलात का?" हे जाऊन "अरे काका, ओल्या पायांनी येऊ नको, मी आत्ताच पुसलंय" हे आलं. कोणी त्यांच्याकडे बघून हसत नव्हतं. त्यांच्यासमोर मारामाऱ्या व्हायला लागल्या, आणि सोडवायला गेलं तर दोन्ही पक्ष मिळून म्हणत, "तू मध्ये पडू नको."

काकांना वाईट वाटायचं. कचेरीत निदान तोंडावर तरी "साहेब" म्हणत होते.

अशात कॅमेरेवाला आला. कळवलं नाही, विचारलं नाही, पाठीवर पोतं आणि हातात काठी घेऊन सरळ दारात उभा राहिला. काठीच्या टोकाला फोन होता आणि तो त्या फोनशी बोलत बोलतच आत आला. वय पंचविशीचं, दाढी चाळिशीची. तीन वर्षं देशोदेशी फिरत होता.

"मी स्वतःला शोधायला निघालोय," त्याने मुलांना सांगितलं.

"कुठे ठेवलं होतंस शेवटचं?" एका मुलीने विचारलं.

ही मुलगी बारा वर्षांची, दोन घट्ट वेण्यांची. तिला सगळे मुकादम म्हणत. अंघोळीला कोण आधी, भांडी कोणाची, उशी कोणाकडे, हे सगळं ती तोंडी ठरवायची आणि त्यावर अपील नव्हतं.

पाहुण्यांची खाट कॅमेरेवाल्याला द्यावी लागली. मॅडम काकांना म्हणाल्या, "तुम्ही काय, आता घरचेच." काकांना भरून आलं. मग त्यांनी त्यांना कोठीची खोली दाखवली. बटाट्याच्या पोत्यांमध्ये एका माणसाला आडवं होता येईल एवढी जागा होती. कूस बदलायची तर पोत्याला सांगून बदलावी लागे. "राहायचं तर घरच्यासारखं राहावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे हाताला काम." काका हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून बटाटे सोलत होते, आणि काकूंना फोनवर हे सांगण्याची चूक त्यांनी केली.

"बटाटे? तुम्ही?" काकू म्हणाल्या. "इथे कांदा कोणत्या डब्यात असतो हे तुम्हाला निवृत्त झाल्यावर कळलं."

"इथली गोष्ट वेगळी आहे."

"असणारच. तिथे मी नाही."

काका बटाटे सोलत असताना मुकादम येऊन समोर उकिडवी बसली. तिने सोललेला एक बटाटा उचलून पाहिला, काकांनी सालाबरोबर किती बटाटा टाकला ते पाहिलं आणि काही बोलली नाही.

"काका, बुधवारी तुझी पाळी आहे," ती म्हणाली.

"भांड्यांची?"

"रडायची. कॅमेरेवाला बुधवारी जाणार ना."

काकांच्या हातातली सुरी थांबली. मुकादम मात्र पाणी कधी सुटतं ते सांगावं तशा आवाजात बोलत होती.

"लांबोड्याने काम सोडलं. त्याला मिसरूड फुटलंय. म्हणतो, आता मला शोभत नाही. त्याची जागा रिकामी आहे. नुसतं गालावरून पाणी काढायचं, आवाज करायचा नाही. हुंदक्याला आणि पायाला माणसं आहेत."

"म्हणजे," काका सावकाश म्हणाले, "ते ठरवून असतं?"

"मग काय. रोज कोण रडणार? दर दोन आठवड्यांनी पाहुणा जातो. बाकीच्यांनी नुसतं उदास बसायचं. जो रडेल त्याला क्रीमवाला तुकडा."

"मॅडमना ठाऊक आहे?"

"मॅडमना वाटतं आपोआप होतं. मागे एका ताईच्या वेळेला कोणीच रडलं नव्हतं. ती ताई जाईचना. आमचं काय चुकलं, माझं काय चुकलं, असं करत एकेकाला जवळ घेऊन बसली. जेवण दुपारचं संध्याकाळी मिळालं. मग पुढच्या दादाच्या वेळेला सगळे रडलो. तो पण जाईना. तीन बरोबर. तीन जण रडले की माणूस खूश होतो आणि वेळेवर निघतो."

काकांनी बटाटा खाली ठेवला. "माझ्या वेळेला चौथा पण रडला होता," ते म्हणाले. आवाजात आशा होती. "ढब्या. त्याची पाळी नव्हती ना?"

"नव्हती," मुकादम म्हणाली. "त्याची दाढ दुखत होती."

काकांनी खाली ठेवलेला बटाटा पुन्हा उचलला.

"किडलीय. अजून दुखतेच. दातांच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या ना तुझ्यानंतर, त्या त्याच्यासाठीच. वर्षातून एकदा येतात, सगळ्यांचे दात बघतात. पण तू गेलाच नाहीस, म्हणून त्या दुसरीकडे गेल्या. आता हा कॅमेरेवाला गेला की येतील." ती उठली आणि सालांची टोपली उचलली. "तुला कोणी सांगितलं नव्हतं का?"

कोणी सांगितलं नव्हतं. काका कोठीत जाऊन पोत्यावर बसले. म्हणजे ज्या अश्रूंसाठी त्यांनी पुढचा देश सोडला, बसभाडं सोडलं, मऊ खाट सोडली, ते अश्रू दाढेचे होते, आणि ती दाढ त्यांनीच अजून दुखत ठेवली होती. सामान बांधावं आणि निमूट निघावं असं त्यांच्या मनात आलं. मग दुसरं आलं. मुकादम पाहुण्यांना पाळ्यांचं सांगत नव्हती. त्यांना सांगितलं होतं. वर जागाही दिली होती. काकांनी जन्मभर रिकाम्या जागांच्या फायली पाहिल्या होत्या. एखाद्या जागेवर आपली नेमणूक व्हावी असं मात्र आज पहिल्यांदाच वाटत होतं. या घरात घरचं होऊन राहायचं असेल, तर बुधवारी रडता यायला हवं होतं.

संध्याकाळी भांडी घासायच्या नळापाशी तालीम झाली. ढब्या एका हाताने गाल धरून प्रेक्षक म्हणून बसला.

काकांनी डोळे मिटले आणि तोंड वाकडं केलं.

"अरे काका, तू रडतोयस की शिंक अडकलीय?" मुकादमने विचारलं.

काकांनी पुन्हा प्रयत्न केला.

"हा तर मला हसवतोय," ढब्या म्हणाला. "आणि हसलं की दुखतं."

"आवाज नाही करायचा," मुकादम म्हणाली. "खांदे नाही हलवायचे. डोळे उघडे ठेवायचे, कुठेतरी लांब बघायचं, पापणी मिटायची नाही. दोन थेंब. प्रत्येक गालावर एक. जास्त नको, नाहीतर माणूस राहतो."

"तू काय आठवतेस रडताना?"

मुकादमने नळ बंद केला. "मी काहीच आठवत नाही," ती म्हणाली. "आठवलं तर थांबता येत नाही."

काकांनी पापणी न मिटता लांब बघायचा सराव चालू ठेवला. समोर पाण्याची टाकी होती. तिच्याकडे बघून पाणी येणं अवघड नव्हतं, असं त्यांना वाटलं होतं. पण आलं नाही.

बुधवार उजाडला. खुर्चीवर कॅमेरेवाला, डोक्यावर टोपी, तीच. केक मात्र नवा होता. जुना कपाटात बुरसला होता आणि मुलांना तो दाखवून मग टाकण्यात आला, म्हणजे त्यांच्या मनात शंका राहू नये. फोन काठीवर उभा करून ठेवला होता. कॅमेरेवाल्याने दोन आठवड्यांत मुलांना काय शिकवलं होतं, तर फोनकडे बघून हात हलवायला. ते त्यांना आधीच येत होतं.

काका सतरंजीवर, दुसऱ्या रांगेत, मांडी घालून बसले होते. मॅडमनी भाषण सुरू केलं.

"तुमच्यासारखं माणूस," मॅडम म्हणाल्या, "या घराला पुन्हा मिळायचं नाही."

शब्द तेच होते. आवाज तोच. "माणूस" म्हटल्यावर घेतलेला श्वाससुद्धा तोच. काकांना कचेरीतली ती दुपार आठवली, ओल्या बिस्किटांची बशी, आणि आपल्या नसलेल्या गोड गळ्यासाठी वाजलेल्या टाळ्या. ते कोणाचं तरी भाषण घालून घरी आले होते, दुसऱ्याचा कोट घालून यावं तसं. आणि इथे आपलं म्हणून जे मिळालं होतं, ते आता त्या दाढीवाल्याला मिळत होतं, मापात थोडाही फरक न करता.

पहिला थेंब उजव्या गालावर आला. मुकादमने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि मान हलवली. दुसरा डाव्या गालावर आला. झालं. काम चोख झालं होतं. पण तिसरा आला. मग चौथ्याने पाचव्याची वाट पाहिली नाही. काका पापणी मिटू लागले, खांदे हलू लागले, आणि शेवटी त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की हुंदकेवाली मुलगी आपले हुंदके विसरून तोंडावरचे हात काढून बघत राहिली.

"काका, बास," मुकादम दातांतून म्हणाली. "अरे बास."

काकांना थांबता येईना. एवढ्या वर्षांचं साठलं होतं, आणि निघायला एकच वाट मिळाली होती.

कॅमेरेवाला खुर्चीवरून उठला. त्याने काठीवरचा फोन काढून खिशात घातला. आल्यापासून त्याचा चेहरा फोनशिवाय कोणी पाहिला नव्हता. आत बराच साधा पोरगा होता. तो काकांसमोर गुडघ्यावर बसला.

"माझ्यासाठी असं कोणी कधीच रडलं नाही," तो म्हणाला. "मी जात नाही."

मॅडमनी केक उचलला आणि कपाटाकडे गेल्या.

चौकशी भांड्यांच्या नळापाशी झाली. मुकादम उलट्या बादलीवर बसली. बाकीची मुलं गोल करून उभी होती आणि मध्ये काका.

"किती सांगितले होते?"

"दोन," काका म्हणाले.

"किती काढलेस?"

काका बोटं मोजायला लागले.

"मी मोजत होतो," ढब्या म्हणाला, "पण मला पुढचे आकडे येत नाहीत." त्याचा गाल आता वीतभर सुजला होता आणि शब्द एकाच बाजूने बाहेर येत होते.

"आता दोन केक गेले," हुंदकेवाली म्हणाली. तिने काकांकडे पाहिलं ते दुःखाने नव्हतं.

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी मुलांना हाकललं नाही. थकलेल्या माणसाला तेवढं बळ नसतं. "डॉक्टरीणबाई परवा सकाळच्या बसने येतायत," त्या काकांना म्हणाल्या. "त्यांना खोली लागणार. खोली नसेल तर त्या तशाच पुढे जातील, मग पुढच्या वर्षी. त्या कॅमेरेवाल्याला मी कोठीत जा म्हणू शकत नाही, कोठीत तुम्ही. आणि तुम्हाला..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. मनाने चांगल्या होत्या.

ढब्याने गालावरचा हात बदलला.

काकांनी विचार केला. नोकरीत असताना त्यांची ख्याती अशी होती की कुठलंही अवघड प्रकरण ते न उघडता पुढच्या टेबलावर सरकवू शकत. हे सरकवायला टेबल नव्हतं. नुसते आपण निघालो, तर कॅमेरेवाला कोठीत येईल, बटाट्यांमध्ये स्वतःला शोधत बसेल आणि पुढे कधी निघेल याचा नेम नाही. खरं सांगून त्याला घालवावं, तर पोराचा चेहरा आत्ताच कुठे बाहेर आला होता. शिवाय खरं ऐकून आपण कुठे गेलो होतो?

"तू पुढे कुठे जाणार होतास?" त्यांनी त्याला व्हरांड्यात गाठून विचारलं.

"आता कुठेच नाही. मला माझी माणसं सापडली."

"छान झालं," काका म्हणाले आणि त्याच्याशेजारी बसले. "मी मात्र परवा निघतोय. डोंगरापलीकडे म्हाताऱ्यांचं एक घर आहे म्हणतात. रस्ता वाईट आहे. कोणी जातच नाही. म्हणे तिथे आजपर्यंत एकसुद्धा पाहुणा गेला नाही."

"एकसुद्धा?"

"कोणी कॅमेरा घेऊन तर नाहीच."

कॅमेरेवाल्याचा हात खिशाकडे गेला. "पण इथली मुलं," तो म्हणाला. "आणि तुम्ही एवढे रडलात."

"रडलो, कारण एकट्याने जायचं होतं," काका म्हणाले. "सोबत असती तर कशाला रडलो असतो." हे बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की यात फार मोठी थाप नव्हती.

कॅमेरेवाला थोडा वेळ डोंगराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उजेड सकाळी चांगला असतो ना तिकडे?"

त्या रात्री काकांनी काकूंना फोन केला. "मी निघतोय इथून," ते म्हणाले.

"का? सोडलं का पोरांनी?"

"एका पोराची दाढ काढायचीय."

"तुम्ही काढणार?"

"नाही. मी वाटेतून बाजूला होणार."

"हे चांगलं आहे," काकू म्हणाल्या. "हे घरी आल्यावर पण करा."

परवा सकाळी बस आली तेव्हा कोणी खुर्ची मांडली नाही. डॉक्टरीणबाई एका हातात पिशवी आणि एका हातात लहानशी काळी पेटी घेऊन उतरल्या. "कुठे आहे तो?" एवढंच म्हणाल्या आणि बाह्या सरसावायला लागल्या. सगळी मुलं त्यांच्या पेटीभोवती गोळा झाली. काका दोन पिशव्या घेऊन बसकडे निघाले, कॅमेरेवाला पुढे होता, आणि त्यांच्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता.

काकांनी पायरीवर पाय ठेवला आणि मागून कोणीतरी दुसरा पाय धरला.

ढब्या होता. दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी, काकांच्या नडगीला वेलासारखा वेढला होता. "काका, जाऊ नको," तो ओरडत होता. "काका, तू राहा. तू खाटेवर झोप. काका, तू जाऊ नको ना." अश्रू खरे होते, भरपूर होते, आणि एकाही पाळीतले नव्हते. बसमधली माणसं खिडक्यांतून डोकावून हळहळली. कॅमेरेवाल्याने तोंड फिरवून डोळे पुसले.

काका खाली वाकले. त्यांनी ढब्याचं एक एक बोट सोडवलं, अंगठा शेवटी. मग त्याला काखेत उचललं, फाटकातून आत नेलं आणि डॉक्टरीणबाईंच्या समोरच्या स्टुलावर बसवलं.

"हा घ्या," ते म्हणाले. "उजवीकडची, मागची. दोन महिने झाले."

परत बसपाशी आले तर मुकादम दाराशी उभी होती. काकांची कोठीतली चादर तिच्या खांद्यावर होती. धुवायला चालली असावी.

"पोहोचलास की मॅडमना फोन कर," ती म्हणाली. "नाहीतर त्या काळजी करतात."

"करेन."

"परत येणार आहेस का?"

"बघू," काका म्हणाले.

"येणार असशील तर आधी सांग. बटाटे जास्त उकडावे लागतात." ती रस्त्याकडे बघत होती, पापणी न मिटता. मग तिने बसच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली, जशी बस तिचीच होती, आणि बस निघाली.

आतून ढब्याची किंकाळी आली, बसच्या आवाजावरून ऐकू येण्याइतकी. कॅमेरेवाला हुंदके देत होता. "तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?" त्याने विचारलं.

"सरक जरा," काका म्हणाले. "खिडकी उघडू दे. अजून ऐकू येतंय."